झाकणातलं ओलं लाकूड

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात ब्रश होता आणि दुसऱ्या हातात फायबरला लावायच्या रेझीनचा डबा. तो म्हणाला, "अण्णांची होडी लातूरला आणायचं चाललंय बघ. कार्यालयाच्या दारात ठेवू, लायटिंग करू. नवरा-नवरी वर उभं राहून फोटो काढतील." मी म्हणाले, "काय?" त्यानं पुन्हा सगळं तसंच सांगितलं, वर 'सेल्फी पॉइंट' हा शब्द जोडून. तोवर डब्यातलं रेझीन कडक झालं आणि ब्रश त्यात उभाच्या उभा अडकला. डबा गेला, ब्रश गेला, आणि माझं डोकं जे फिरलं ते दिवाळी होऊन गेली तरी जाग्यावर आलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लातुरात औसा रस्त्याला त्याचं मंगल कार्यालय आहे. चांगलं चालतं, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच्या दारात आधीच एक सिमेंटचा धबधबा आहे, त्यातून पाणी कधी पडत नाही. एक बैलगाडी आहे, तिला बैल जुंपलेले कुणी पाहिले नाहीत. एक मोर आहे, तो तर मीच फायबरमध्ये करून दिलाय, त्याच्या लेकीच्या बारशाला. ह्या सगळ्यांच्या रांगेत आता अण्णांची होडी उभी राहणार होती. लातुरात, जिथं नळाची वाट बघत घागरी मांडून बसायची लोकांना सवय, तिथं एक शिडाची होडी फरशीवर. ह्यात काही विचित्र आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातले. त्यांच्या गावची पोरं मिलिटरीत जायची, अण्णा नेव्हीत गेले. नोकरी संपवून आले ते ट्रकमध्ये एक जुनी फायबरची होडी घालूनच आले. मुंबईकडच्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली. आमच्या आईनं ती उतरताना बघितली आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. गावातली माणसं येऊन बघून गेली. सगळ्यांचा प्रश्न एकच, "अण्णा, ह्याला इंजिन कुठं हाय?" अण्णा शिडाकडं बोट दाखवायचे आणि माणसं हसून घरी जायची.

पुढं अण्णांनी नांदेडजवळ गोदावरीच्या काठच्या एका गावात दोन खोल्या घेतल्या. तिथं धरणाचं मागचं पाणी बाराही महिने असतं. आई गेल्यावरही ते तिथंच राहिले. सकाळी चहा, मग होडी. वारा असला तर शीड लावायचं, नसला तर नुसतं बसायचं आणि दोर तपासायचे. मी नांदेडातच असते. लग्न झालं ते घर फायबरच्या कामाचं. आम्ही बाथरूमची दारं करतो, कूलरच्या टाक्या करतो, गणपतीच्या दिवसांत मखरं करतो. नवरा ऑर्डरी आणतो, हात माझा. त्यामुळं आठवड्यातून एकदा तरी मी अण्णांकडं जायची आणि होडीत बसायची.

आणि आता स्पष्टच सांगते. ती होडी मला पाहिजे होती. अण्णांनंतर ती पाण्यात राहावी आणि माझी असावी, एवढीच माझी इच्छा होती. शेत दादाला गेलं, घर दादाला गेलं, मी कागदावर सही करून मोकळी झाले आणि त्याचं मला काही वाटलं नाही. पण होडी मागायला माझं तोंड उघडत नव्हतं. आमच्यात लेकीनं मागायचं नसतं. साडी-चोळी देतील ती घ्यायची, "कशाला उगं खर्च केला" म्हणायचं आणि बस धरायची. हे मी इतक्या वेळा केलंय की आता त्याची आठवण झाली तरी दात खावेसे वाटतात.

तर झालं काय होतं, ते सांगते. खंडेनवमीला अण्णा होडीची पूजा करतात. आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही ग्राइंडरला, ड्रिलला हळद-कुंकू लावतो, तसं ते होडीला लावतात. त्या दिवशी दादा, वहिनी लातूरहून आले होते. दरवर्षी येतात, फोटो काढतात, जेवून जातात. अण्णा नारळ घेऊन होडीच्या पुढच्या झाकणावर चढले आणि झाकण खचलं. आवाजसुद्धा मोठा नाही झाला. ओल्या पुठ्ठ्यावर पाय द्यावा तसा त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. नडगी सोलून निघाली. मी आणि दादानं दोन्हीकडून धरून त्यांना वर काढलं. अण्णा वेदनेनं नाही, लाजेनं लाल झाले होते. दुसऱ्याच दिवशी दादाचा तो फोन.

मी तडक अण्णांकडं गेले. नडगीला हळद भरून खाटेवर बसले होते. मी म्हणाले, "झाकणं मी दुरुस्त करते. मग तर होडी पाण्यात राहील ना?" ते म्हणाले, "आधी दुरुस्त तर कर." मी त्याचा अर्थ हो असा घेतला. कुणीही घेतला असता.

आता झाकण म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. होडीच्या नाकाशी एक मोठं झाकण असतं, लग्नातल्या चौरंगापेक्षा थोडं मोठं. त्याखाली पोकळ जागा, तिथं शीड, दोर ठेवतात. मागं सुकाणूजवळ अशीच दोन छोटी झाकणं. ह्या पोकळ जागा कोरड्या राहिल्या तर होडी हलकी राहते. लाट आली, झाकणं गळाली आणि आत पाणी साचलं, तर होडी जड होऊन बसते. म्हणजे झाकण हा दिखाऊ भाग नाही. आणि ते नुसत्या फायबरचंही नसतं. वर फायबरचा पातळ पापुद्रा, खाली पापुद्रा, मधे हलकं लाकूड. असं केलं की वजन कमी आणि ताकद जास्त. फक्त त्या लाकडाला पाणी लागता कामा नये. एकदा आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही, वरून किती का ऊन पडेना.

आणि पाणी आत गेलंय हे मला आधीच कळलं होतं. त्या झाकणावर बसलं की ते जरा दबायचं. मी अण्णांना सांगितलं होतं, दादालाही सांगितलं होतं. तेव्हा दादानं काय केलं? लातूरहून गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा एक माणूस पाठवला. त्यानं वरून पुट्टी फासली, वरून चकचकीत निळा रंग मारला आणि गेला. अण्णा खुश. "बघ, कसं नवं केलं पोरानं." मी म्हणाले, "अण्णा, आतलं लाकूड ओलं आहे, त्यानं वरून बूच मारलंय." अण्णा म्हणाले, "तुला त्याचं काहीच कसं चांगलं दिसत न्हाई?" मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

तिन्ही झाकणं काढून टेम्पोत घातली आणि वर्कशॉपमध्ये आणली. मोठं झाकण उचलायला दोघं लागले. कोरडं असतं तर मी एकटीनं काखेत मारून आणलं असतं. नाणं घेऊन ठोकत गेले. चांगल्या जागी टण्ण वाजतं, सडक्या जागी भद्द. कडेची चार बोटं सोडली तर सगळीकडं भद्द. मग पालथं घातलं आणि खालचा पापुद्रा ग्राइंडरनं कडेकडेनं कापून काढला. वरचा तसाच ठेवायचा होता, कारण होडीच्या वाकाला बसेल असा बाक त्यालाच होता.

पापुद्रा उचलला आणि सगळ्या वर्कशॉपमध्ये वास पसरला. नवरा शटरपाशी जाऊन उभा राहिला. लाकूड असं काही उरलंच नव्हतं. काळा, चिकट लगदा होता, बोटानं उकरला की पाणी सुटायचं. मी सुरीनं, पत्र्यानं, शेवटी नखांनी तो खरवडून काढला. एवढी वर्षं अण्णा ह्या लगद्यावर उभे राहत होते.

पाणी आलं कुठून, हे शोधल्याशिवाय पुढं जायचं नसतं. म्हणून वरचा निळा रंग घासून काढला. खाली पुट्टी. पुट्टीखाली तेल आणि कुंकवाचा थर, जुना, लाकडासारखा कडक. तो घासला आणि मग दिसलं. झाकणाच्या बरोबर मध्यावर बारीक बारीक तडे, एका ठिकाणाहून चहूकडं फुटलेले. एक नाही, एकावर एक. मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. मग लख्ख कळलं.

अण्णा दरवर्षी खंडेनवमीला नारळ त्या झाकणावर फोडायचे. हात वर नेऊन, पूर्ण ताकदीनं, अगदी त्याच जागी. पहिल्या नारळानं तडा गेला असणार. मग त्यातून नारळाचं पाणी, नदीचं पाणी, पावसाचं पाणी, सगळं आत. आणि तडा दिसू नये म्हणून की काय, त्यावर तेल-कुंकू. मागची झाकणं बघितली, तर एकात खिळा. आरपार. लिंबू-मिरची टांगायला ठोकलेला. खिळा गंजून फुगलेला आणि भोवतालचं लाकूड काळं.

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. "अण्णा, नारळ फोडायला काठावर दगड नव्हता का?"

"म्हंजे?"

"म्हणजे होडी तुम्हीच फोडलीत. दरवर्षी. हात जोडून."

अण्णा पलीकडून खाकरले. मग म्हणाले, "नारळ फोडला नसता तर एवढी वर्षं टिकली असती व्हय?" आणि फोन ठेवला. मला हसू का रडू ते कळेना. नवऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो मी त्याच्यावरच खेकसून परत दिला. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. पण समोर तोच होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा बसनं आले. लंगडत. वर्कशॉपमध्ये येऊन झाकणाशी उकिडवे बसले आणि त्या तड्यांवरून बोट फिरवत राहिले. मी चहा दिला, प्याले. चूक झाली असं म्हणाले नाहीत. अण्णांनी ते शब्द आयुष्यात कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही, आईलाही नाही. जाताना एवढंच म्हणाले, "होतंय का बघ." मी म्हणाले, "होतंय का काय, करणारच आहे." तेवढ्यावर ते गेले.

मग मी जे कामाला लागले त्याला तोड नाही, हे मीच सांगते, दुसरं कोण सांगणार. झाकणं गच्चीवर उन्हात टाकली. पाऊस सरल्यावरचं आमच्याकडचं ऊन म्हणजे माणूस वाळून जाईल, फायबर वाळायला काय. पण तेच ऊन रेझीनला भोवतं. घट्ट करायचं हार्डनर घातलं की डब्यातच तापतं, धूर येतो आणि दगड होतो. पहिला घाणा तसाच वाया गेला. म्हणून उजाडायच्या सुमारास काम, ऊन चढलं की बंद. नवरा म्हणाला, "उगं जिवाला कामून तरास देऊन राहिलीस? साचा काढ, नवीन मार." मी म्हणाले, "तुझी बाथरूमची दारं नवीन मार." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सोपं पडलं असतं. पण मला तेच झाकण पाहिजे होतं, अण्णांच्या हातून फुटलेलं आणि माझ्या हातून जुळलेलं. तेव्हा मला असले गोड विचार सुचत होते, काय सांगू.

लाकूड पुन्हा घातलं नाही. न कुजणारा कडक फोम आणला, तुकडे कापले, बाकाला बसावेत म्हणून खाली चिरा दिल्या, रेझीनमध्ये बसवले आणि वर ज्वारीची पोती ठेवली दाबायला. बिजागरीचे बोल्ट येतात तिथं फोम काढून भरीव फायबर भरलं, म्हणजे भोकातून पाणी गेलंच तरी मुरायला जागा नको. वरचे तडे व्ही आकारात कोरून भरले. शेवटी खालून काचेच्या तंतूंची मॅट, रेझीन, पुन्हा मॅट. मग घासणं. फायबर घासलेली माणसंच सांगतील ती खाज काय असते. काचेची कुसळं मानेत, कोपरांत, ब्लाउजच्या शिवणीत. दिवाळीच्या अभ्यंगाला उटणं लावलं तर अंगाची आग झाली. शेजारणी फराळाची ताटं घेऊन फिरत होत्या आणि मी गच्चीवर तोंडाला फडकं बांधून घासून राहिले होते.

भाऊबीजेला दादा आला. मी ओवाळलं. त्यानं साडी दिली. मग म्हणाला, "दाखव की तुझी झाकणं." गच्चीवर नेलं. तो बूट काढून झाकणावर चढला, दोनदा उडी मारली. "लई मजबूत झालं की गं. दोन-तीन माणसं उभी राहिली तर?" मी छाती पुढं काढून म्हणाले, "पाच राहू दे. काही होत नाही." तो म्हणाला, "मग झालं." मला बरं वाटलं. म्हणलं, चला, होडी पाण्यातच राहू द्यायचं ह्याला पटलं. तो जेवून, पान खाऊन लातूरला गेला.

तुळशीच्या लग्नाआधी एका सकाळी मी झाकणं घेऊन काठावर गेले. नवं रबर लावलं, नवे बोल्ट आवळले. झाकणं लावून वरून बादल्यांनी पाणी ओतलं, आत हात घालून बघितलं. कोरडं ठणठणीत. अण्णा काठावरून बघत होते. म्हणाले, "सरक." चढले. आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. मग ह्या वयात, ती नडगी नीट भरलेली नसताना, माणसानं टुणकन उडी मारली. झाकण हललंही नाही. अण्णा हसले. तसे ते हसत नाहीत. मग आम्ही दोघांनी डोलकाठीला शीड चढवलं. वारा पूर्वेकडून बरा होता, शीड फडफडायला लागलं. आता अण्णा सुकाणूवर बसतील, मी पुढं बसेन आणि एक चक्कर होईल, असा बेत होता.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून क्रेन आली. पिवळी, मोठी, पट्टे लोंबत असलेली. मागं ट्रक. मागं दादाची गाडी.

मला आधी समजलंच नाही. मला वाटलं धरणाचं काही काम असेल. दादा उतरला, गॉगल डोक्यावर सरकवून म्हणाला, "झालं का अण्णा? लग्नसराई लागायच्या आत बसवायची हाय." मी अण्णांकडं बघितलं. ते शिडाच्या दोराकडं बघत होते.

"अण्णा, हे काय?"

"मीच म्हणलं त्याला," अण्णा म्हणाले. "झाकणं झाली की ने म्हणून. तिथं पोरंसोरं चढणार, नवरी चढणार. एखादीचा पाय माझ्यासारखा आत गेला तर? नीट करूनच द्यावी म्हणलं."

"कधी म्हणालात?"

"खंडेनवमीलाच."

म्हणजे मी खाटेशी उभी राहून विचारलं त्याच्या आधीच सगळं ठरलं होतं. म्हणजे तो लगदा मी नखांनी उकरला तो कुणाच्या तरी नवरीचा शालू फाटू नये म्हणून. म्हणजे भाऊबीजेच्या त्या उड्या. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती त्या दिवशी मला कळली. मी अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले.

"मी काय ह्याच्या पाहुण्यांना उभं राहायला स्टेज करून देत होते? मला सांगायची सुद्धा गरज वाटली नाही तुम्हाला? मजूर लावला असता तर त्याला तरी सांगितलं असतं काम कशाचं आहे ते."

दादा म्हणाला, "अगं बाई, जरा दमानं घे. म्हाताऱ्या माणसाशी बोलून राहिलीस. उद्या पाण्यात काही झालं तर कोण बघणार? आणि होडी आपल्याच घरात राहून राहिली ना?"

आपल्याच घरात म्हणे. मी खाली वाकले, काठावरच्या दगडाला बांधलेला दोर सोडला, होडीत चढले आणि पायानं काठ ढकलला.

"ए, ए, काय करतीस?" दादा म्हणाला. तोवर मधे पाणी आलं होतं.

सुकाणू मी त्याआधी कधीच हातात धरलं नव्हतं. अण्णांनी दिलंच नव्हतं. पण हातात घेतलं तर हात काय करायचं ते जाणत होते. शीड थोडं ओढलं, फडफड थांबली, होडी कलली आणि चालायला लागली. वाऱ्याकडं तोंड करून जाता येत नाही, तिरकं जायचं आणि मग वळायचं, हे मला ठाऊक होतं. वळताना मान खाली घालायची, नाहीतर शिडाची आडवी काठी डोक्यात बसते. दोर हाताला गुंडाळायचा नाही. पहिल्या वळणाला मी उशीर केला, होडी अडली, लाट झाकणावरून माझ्या अंगावर आली आणि मी पूर्ण भिजले. दुसरं वळण बरं झालं. तिसरं असं झालं की मी एकटीच मोठ्यानं शिव्या देत हसले. शिव्या दादाला होत्या. अण्णांनाही होत्या, उगं खोटं कशाला बोलू.

समोरच्या काठापर्यंत गेले. तिथं केळीची बाग होती, पाणी उपसायची मोटर चालू होती. फोन वाजत होता, दादाचा. घेतला नाही. शीड सैल सोडून जरा वेळ तशीच बसले. ही होडी आज क्रेनला लटकून जाणार आणि मी संध्याकाळी दारं घासायला बसणार, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. पळून जाणार कुठं? पाणी काही समुद्राचं नव्हतं. मग परत फिरले. वारा मागून होता, शीड पूर्ण सोडलं, होडी सरळ अण्णांच्या काठाला आली. शेवटी शीड पाडलं आणि ती हळूच दगडाला टेकली.

क्रेनवाला सावलीत डबा उघडून बसला होता. दादा लालबुंद होऊन फेऱ्या मारत होता. अण्णा पाण्याच्या अगदी कडेला उभे होते, चपला ओल्या. मी दोर टाकला, तो त्यांनी झेलला.

म्हणाले, "कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"म्या कधी?"

"दादाला शिकवत होतात तेव्हा. सुट्टीत. तो मागं सुकाणूवर बसून ओकत असायचा आणि तुम्ही त्याला एकेक सांगायचात. मला पुढं बसवलेलं असायचं, वजन पाहिजे म्हणून. मला ऐकू येत होतं सगळं."

अण्णा दोर हातात धरून तसेच उभे राहिले. दादा म्हणाला, "झालं का आता नाटक? ए, पट्टे लाव रे खालून." क्रेनवाल्यानं डब्याचं झाकण लावलं.

"थांब," अण्णा म्हणाले. मग दादाकडं वळले. "त्या केळीपत्तुर ने आणि आण."

"काय?"

"होडी. चालवून दाखव. शिकवलं तर तुलाच होतं."

दादा हसला. "अण्णा, मला कशाला चालवायची हाय? मला ठिवायची हाय."

अण्णांनी मान हलवली. वाकून तो दोर दगडाला बांधला, त्यांच्या पद्धतीनं, दोन वेढे आणि गाठ, ओढून बघितला. मग क्रेनवाल्याला म्हणाले, "जा बाबा तू. हिची हाय ती." आणि माझ्याकडं बोट केलं.

दादा गाडीत बसला तो वहिनीनं दिवाळीला अण्णांना पाठवलेल्या फराळाचे रिकामे डबेही परत न घेता गेला. अजून नीट बोलत नाही. होडी पाण्यात आहे, झाकणं कोरडी आहेत, आता सुकाणूवर मी बसते आणि अण्णा पुढं बसतात.

सगळे म्हणतात, मिळाली ना, मग आता कशाला धुसफुसतेस? त्या दिवशी काठावर अण्णा मला म्हणाले होते, "एकदा तरी बोलायचं की गं, पायजे म्हणून." मी ओला पदर पिळत होते. मी म्हणाले, "दादा कधी बोलला होता, मला शिकवा म्हणून?" अण्णा दोराची गाठ पुन्हा ओढून बघायला लागले. त्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, आणि म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.